खाडीत गरवायला पहिला हलका रॉड-रील घ्यायचाय, दुकानदार १० फुटी गळ्यात मारतोय

ऐरोलीचा_गळ

नमस्कार मंडळी. लहानपणी आजोळी उरणला तंगूस (नायलॉनची लाइन) आणि शिसं घेऊन हातानेच गरवलंय, बोय नाहीतर शिंगाळे मिळायचे, त्याच्यापलीकडे माझं ज्ञान शून्य. आता ऐरोलीला राहतो, रविवार सकाळ मोकळी असते, म्हटलं नीट रॉड-रील घेऊन सुरुवात करू.

काल एका दुकानात गेलो तर त्याने सरळ १० फुटी जाडजूड रॉड आणि ६००० साइजचं रील काढून ठेवलं, म्हणे साहेब जिताडा लागला तर हाच टिकणार, बाकीचे मोडतात. हातात घेतलं तर अर्ध्या तासात खांदा निखळेल असं वाटलं. घरी येऊन व्हिडिओ बघितले तर तिथे सगळे बाहेरचे लोक, काडीएवढ्या अल्ट्रालाइट रॉडने काचेसारख्या पाण्यात मासे काढतायत. आपल्या खाडीचं पाणी म्हणजे कटिंग चहा. मग नक्की काय घ्यायचं?

बजेट ६ हजार, लाइन धरून. जायचं म्हणजे वाशीचा सागर विहार, बेलापूरला दिवाळे, कधी घोडबंदरला गायमुख. गाडी नाही, ट्रान्स-हार्बर आणि रिक्षा. मासा म्हणाल तर तांब, करकरा, काळुंदर काहीही चालेल, जिताडा लागला तर नशीब. कोळंबी लावून पण बसायचंय आणि ल्युअर (नकली मासे) पण मारून बघायचेत. एकाच रॉडमध्ये भागेल ना? दोन घेतले तर घरून मलाच बाहेर काढतील.

खारफुटी_ठाणे

पहिली गोष्ट, त्या दुकानात परत जाऊ नकोस. १० फुटी रॉड रेवदंड्याच्या नाहीतर केळव्याच्या उघड्या किनाऱ्यावर ठीक आहे, तिथे लाटेच्या पलीकडे ८०-१०० ग्रॅमचं शिसं फेकायचं असतं. खाडीत मासा लांब नसतोच रे, तो पायाशी असतो. जेट्टीचे खांब, दगडी पिचिंग, उघाडीचं (बांधातल्या झडपेचं) तोंड, खारफुटीतून येणाऱ्या छोट्या नाल्याचा संगम, बऱ्याचदा १५-२० मीटरच्या आतच मासा घेतो आणि आपण मात्र त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या तीरावर फेकत बसतो.

आता रॉड बघताना काय बघायचं तर लांबीच्या आधी हँडलच्या वर छापलेली बारीक अक्षरं वाच. तिथे दोन आकडे असतात, एक लाइनचा पाउंडात आणि एक ल्युअर वेट ग्रॅममध्ये. तुला हवाय साधारण ७ ते २५-२८ ग्रॅमवाला, काही कंपन्या याला मीडियम म्हणतात काही मीडियम लाइट, नावावर जाऊ नकोस आकड्यावर जा. कारण सांगतो. भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमीच्या आगेमागे पाण्याला ओढ कमी असते, तेव्हा ७-१० ग्रॅमचं जिगहेड (शिशाच्या डोक्याची गरी) तळाला आरामात बसतं. तीच जागा अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बघ, पाणी असं पळतं की १० ग्रॅम तळाला लागतच नाही, कागदासारखं वाहून जातं, तिथे १८-२० ग्रॅम लागणारच. अल्ट्रालाइट रॉड ७-८ ग्रॅमच्या वर फेकताना लोळागोळा होतो, आणि तुझा तो दुकानवाला रॉड १० ग्रॅम फेकायला वाकतच नाही. म्हणून मधला.

लांबी ७ फूट, दोन तुकड्यांचा. साडेतीन फुटांचे दोन तुकडे सरळ ट्रेनच्या रॅकवर जातात, कोणी हटकत नाही. एकसंध रॉड घेऊन ठाण्याला संध्याकाळी साडेसहाला चढून दाखव.

आणि पॉवर आणि अॅक्शन यात गोंधळ करू नकोस. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते, अॅक्शन म्हणजे कुठून वाकतो ते. फास्ट अॅक्शन वरच्या टोकाकडे वाकतो, गरी पटकन रुतवता येते. कोळंबी लावून बसणार असशील तर फार फास्ट नको, मासा टोक ओढतो तेव्हा त्याला टणकपणा लागला की सोडून देतो. मॉडरेट फास्ट दोन्हीला चालतो.

कळवा_रेतीबंदर

७ फुटाला माझा विरोध. वरचे साहेब जेट्टीवरून गरवत असतील. गायमुखला किंवा आमच्याकडे मुंब्र्याच्या बाजूला काठावरून गरवायचं तर पुढे दगड, दगडाच्या पुढे गाळ, मधे कुठेतरी खारफुटीची मुळं. ७ फुटाने लाइन दगडावरच घासते, मासा काठाशी आणला की तो दगडात घुसतो आणि तू नुसता बघत बसतोस. ८ फूट किंवा ८’६” घे, तेवढंच वेट रेटिंग. दोन तुकडे केले तरी सव्वाचार फूट, ते पण रॅकवर बसतं.

खारफुटी_ठाणे

@कळवा_रेतीबंदर मुद्दा बरोबर आहे, पिचिंगवरून ८ फूट चांगला. पण त्याने तीन जागा दिल्यात त्यातल्या दोन जेट्टी-धक्क्याच्या आहेत आणि ८’६” दिवसभर हलवून ल्युअर मारणं नवीन माणसाला जड जातं, मनगट भरून येतं. तांब खांबाच्या पायथ्याशी असतो तिथे आखूडच बरा. फार तर ७’६” वर तह करू.

बेलापूरची_चिंबोरी

मी ७’६” च वापरते, तहाला माझं अनुमोदन 😄

रॉडवर बरंच बोलून झालं, पण दुकानात रॉड हातात आला की काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. एक कापसाचा बोळा खिशात घेऊन जा. प्रत्येक रिंगच्या आतून फिरव. कापसाचा धागा कुठे अडकला तर त्या रिंगच्या सिरॅमिकला बारीक तडा आहे, डोळ्याला दिसत नाही पण ब्रेड (विणलेली लाइन) तिथून गेली की हळूहळू कापत जाते आणि मग माणूस म्हणतो लाइन खराब निघाली. स्वस्त रॉडमध्ये ही तक्रार नेहमीची. नंतर दोन्ही तुकडे जोडून रॉड हलवून बघ, जोडातून टकटक आवाज आला तर ठेवून दे. रिंगा सरळ रेषेत आहेत का ते मागून एक डोळा मिटून बघ. दुकानदार वैतागला तर वैतागू दे, पैसे आपले आहेत.

रील २५०० किंवा ३००० च. कंपनीगणिक या आकड्याचं माप थोडं बदलतं म्हणून वजन पण बघ, अडीचशे ग्रॅमच्या आसपास असलं की या रॉडला समतोल येतो. बोटावर रॉड तोलून बघायचं, रीलच्या थोडं पुढे तोलला तर छान. शिमानो, डायवा, ओकुमा यांची सुरुवातीची मॉडेलं बघ, यातलं साधं रील हे कुठल्यातरी अनोळखी नावाच्या १३ बेअरिंगवाल्यापेक्षा कधीही बरं. बेअरिंगचा आकडा हा नुसता खोक्यावर छापायचा आकडा आहे, खारं पाणी गेलं की जेवढी बेअरिंग तेवढी गंजायची ठिकाणं.

बघायचं काय तर हँडल फिरवताना आत खरखर नको. हँडल उलटं फिरवून बघ, लगेच अडलं पाहिजे, बोटभर मागे जात असेल तर नको. आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा रीलचा ब्रेक. ड्रॅग किती किलोचा लिहिलाय याला अर्थ नाही, १० किलो ड्रॅग घेऊन खाडीत तू काय ट्रॉलर ओढणारेस? ड्रॅग ढिला करून हाताने लाइन ओढ, सुटताना झटके न देता एकसारखी सुटली पाहिजे.

ऐरोलीचा_गळ

अरे वा, एवढं सगळं! कापसाचा बोळा लक्षात ठेवतो 🙏

दोन प्रश्न. एक, त्याच दुकानात रॉड-रील-लाइन-डबा असा सगळा कॉम्बो पंधराशेला होता, तो घेतला तर? म्हणजे शिकण्यापुरता. दोन, लाइन ब्रेड घेऊ का तंगूस? व्हिडिओवाले सगळे ब्रेड ब्रेड करतात.

दिवाळेकर_कोळी

पोरा, आम्ही रील बघितलं ते अलीकडं. माझा बाप तंगसावर जिताडे काढायचा. तरी सांगतो, कॉम्बोचं रील एका पावसाळ्यात जाम होईल, डबा तेवढा टिकेल.

ब्रेडचं म्हणशील तर ती ताणात मजबूत, पण कालवांचं धारदार कवच लागलं की सुतासारखी तुटते. आपल्या खाडीत दगड म्हटला की त्यावर कालवं आलीच, जेट्टीच्या खांबाला पण. नवीन माणूस ब्रेड घेऊन येतो, पहिल्याच फेकीला तळाला अडकवतो, झटके मारतो, अर्धी लाइन खाडीत सोडून जातो, आणि ती आमच्या जाळ्यात येते, नाहीतर बगळ्याच्या पायाला. तू आधी ०.३० ची साधी तंगूस घाल. स्वस्त आहे, गुंता झाला तर कापून टाक, आणि खाली टाकू नको, खिशात घाल. पाणी ओळखायला शीक. मग ब्रेडचं बघू.

अजून एक, तुम्ही लोक मोबाइलवर भरती बघता. तिथीला पाऊणपट कर. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पाणी भरणार, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमी असली तर सहा. हे मुंबई बंदराचं झालं, खाडीत वर ठाण्याकडं जाशील तसं थोडं उशिरा. नेटवर्क नसलं तरी चालतं.

पीई_दीड

काका बोलतात ते शंभर टक्के, पण ल्युअर मारायचेत तर तंगसावर मजा नाही. तंगूस ताणली जाते, २०-३० टक्के लांब होते, २५ मीटरवर मासा टोचला तर हाताला काहीच कळत नाही. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही, सगळा खेळ हाताला काय कळतं याचा आहे. ब्रेड ताणतच नाही, जिगहेड चिखलात बसलं का शिंपल्यावर बसलं ते सुद्धा कळतं. चिखलात बसलं तर नुसतं ढिलं पडतं, शिंपल्यावर टिक असं येतं.

मधला रस्ता आहे की, पीई (ब्रेडच्या जाडीचं माप) १ ते १.५ ची ब्रेड म्हणजे साधारण २० पाउंड धर, आणि पुढे हातभर नाही तर चांगला दीड-दोन हात लीडर (टोकाला जोडायचा जाड तुकडा), २५-३० पाउंडाचा, फ्लोरोकार्बन परवडत नसेल तर साधा मोनो म्हणजे तंगूस. कालवं काय घासायची ती लीडरला घासतील. जिताड्याला तर लीडर पाहिजेच पाहिजे, त्याच्या कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी असतात, उडी मारून डोकं झटकतो तेव्हाच नुसती ब्रेड कापून जातो. हातात धरताना पण कल्ल्यात बोट घालायचं नाही, खालचा जबडा धरायचा.

अडकली तर रॉडने झटके मारू नकोस, रॉड मोडतो. टोक सरळ लाइनच्या दिशेने कर, स्पूल (लाइनची फिरकी) हाताने दाब, मागे चालत जा. ब्रेड बोटाला गुंडाळून ओढायची नाही कधीच, बोट कापतं. काठीला गुंडाळ. तुटली तर गाठीशी तुटते, वर लाइन राहते.

कळवा_रेतीबंदर

@पीई_दीड म्हणजे एका रील वर ब्रेड आणि कोळंबी लावून बसायला दुसरी स्पूल तंगसाची. काही रीलसोबत एक्स्ट्रा स्पूल येते, घेताना विचार. दोघांचं भांडण मिटलं.

सीवूड्स_शनिवार

धागा चांगला चाललाय पण कोणी हे बोललं नाही म्हणून लिहितो. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात पश्चिमेचा काठ ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, २०१५ ला जाहीर झालंय, साधारण १६९० हेक्टर, २०२२ ला रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत पण आलं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, कोळी बांधव पिढ्यान्पिढ्या जे करतात ते वेगळं, आपण रविवारचे हौशी. रॉड जप्त झाला की इथे येऊन रडू नका. खारफुटी तोडून उभं राहायला जागा करणारे पण बघितलेत, तसलं काही नको.

आणि ऐरोलीवाला आहेस म्हणून मुद्दाम, खाडीवरून हाय टेन्शनच्या तारा गेल्यात. ग्राफाइट रॉडमधून वीज जाते. तारांखाली रॉड उभा धरून फिरायचं नाही, आणि वळवाच्या पावसात आकाशात लखलखलं की रॉड सरळ खाली ठेवून आडोशाला जायचं.

ऐरोलीचा_गळ

हे माहीतच नव्हतं, बरं झालं. आता असं ठरतंय, ७’६” रॉड ७-२८ ग्रॅमवाला साधारण सव्वादोन हजाराचा, रील ३००० चं अडीच हजाराच्या आसपास, उरलेल्यात ब्रेड, लीडर आणि दोन-चार जिगहेड. ल्युअर आत्ता किती घेऊ? आणि लीडर जोडायची गाठ कुठली, एफजी बघितली तर डोकं गरगरलं.

पीई_दीड

एफजी आत्ता सोड. ती बारीक होते, रिंगमधून सुळकन जाते वगैरे सगळं खरं, पण वाऱ्यात उभं राहून पहिल्यांदा बांधायला बसलास तर ओहोटी संपेल. डबल युनी शिक. ब्रेडच्या बाजूला ७-८ वेढे, लीडरच्या बाजूला ४, ओढायच्या आधी थुंकी लाव, सुकी ओढली की लीडर जळतो. गाठ थोडी जाड होते, म्हणून फेकताना ती रॉडच्या टोकाच्या बाहेर राहील असं बघ. लीडर फार लांब असेल तर गाठ रिंगवर आपटते, त्यामुळे दीड हात पुष्कळ.

ल्युअर ३ इंची सॉफ्ट पॅडलटेल (हलणाऱ्या शेपटीचा मऊ नकली मासा), एक पांढरा एक गडद, जिगहेड ७, १० आणि १८ ग्रॅम. बास. महागडे हार्ड ल्युअर आत्ता घेऊ नकोस, सगळे जेट्टीच्या खांबांना अर्पण होतात.

ब्रेड भरताना खाली थोडी तंगूस गुंडाळ, नाहीतर अख्खी ब्रेड स्पूलवर घसरत फिरते आणि तुला वाटतं ड्रॅग बिघडला. आणि काठोकाठ भरायची नाही, दीड-दोन मिलिमीटर कडा रिकामी. काठोकाठ भरली की फेकताना भसकन एकदम सुटते आणि असा गुंता होतो की कात्रीच लागते. फेकल्यावर बेल आर्म (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद कर, हँडल फिरवून नको, निम्मे गुंते तिथेच कमी होतात.

बेलापूरची_चिंबोरी

ड्रॅग लावायला घरी काटा नसेल तर २ लिटरची पाण्याची भरलेली बाटली घे. रॉड बाजूला, सरळ रीलमधून लाइन काढून बाटलीला बांध आणि रीलने उचल. बाटली कशीबशी उचलली जाते आणि जरा हिसका दिला की लाइन सुटते, तिथे ड्रॅग ठेव. २० पाउंडाला हे बरोबर बसतं, लाइनच्या ताकदीचा साधारण पाव भाग. मासा लागल्यावर घाबरून ड्रॅग आवळत जाऊ नकोस, सगळ्यांना तोच मोह होतो.

आणि घरी आल्यावर रील धुणं. नळाखाली जोरात धरायचं नाही, मीठ आणि गाळ उलट आत जातो. ड्रॅग पूर्ण आवळ, मग गोड्या पाण्याची हलकी धार वरून, हँडल थोडं फिरव, लाइन जिथून वळते त्या छोट्या रोलरवर जास्त लक्ष दे कारण आपल्या खाडीचा मेणासारखा बारीक गाळ तिथेच बसतो. मग झटक, पुस, ड्रॅग ढिला करून सावलीत ठेव. ड्रॅग आवळलेला ठेवून महिनाभर कपाटात टाकला की आतले वॉशर दबून बसतात. रॉडच्या रिंगा पण ओल्या फडक्याने पुसून घे. पाच मिनिटांचं काम आहे, दमून आल्यावर नकोसं होतं, पण अडीच हजाराचं रील वर्षानुवर्षं चालतं ते यावर, ब्रँडवर नाही.

शिंगाळा लागला तर पक्कड वापर. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात, विषारी असतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव, ठणका कमी होतो, काटा आत मोडला किंवा सूज चढत गेली तर डॉक्टरकडे. चप्पल घालून गाळाजवळ जायचं नाही हे पण त्यातच आलं.

दिवाळेकर_कोळी

मासा खायचा का सोडायचा हे कोणी बोललं नाही. वरच्या अंगाला कारखान्यांचं पाणी येतं, तिकडच्या माशाला कधी कधी रॉकेलचा वास मारतो, तो घरी नेऊ नको. छोटा जिताडा सोडून दे. तो आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे छोटे सगळे उचलले तर अंडी घालणार कोण? बाजारात पण लोक पावपाव किलोचे जिताडे विकतात, बघवत नाही.

खारफुटी_ठाणे

हे काकांनी बरं लिहिलं, मला पण माहीत होतं पण असं जोडून कधी बघितलं नव्हतं.

@ऐरोलीचा_गळ रॉड सव्वादोन हजार, रील अडीच हजार ठीक वाटतंय. कमी-जास्त करायचं झालं तर रॉडमधून कमी कर, रील आणि लाइनमधून नको. मोडलेला रॉड परत घेता येतो, पण जाम रीलने आणि शिळ्या लाइनने माणूस गरवणंच सोडतो. ब्रेड ऑनलाइन घेणार असशील तर फारच स्वस्त ३०० मीटरवाली नको, वर लिहितात पीई १ आणि निघते सुतळी, जाडी भलतीच असते. १५० मीटर चांगली पुरते.

ऐरोलीचा_गळ

घेतलं! दुसऱ्या दुकानात गेलो. कापसाचा बोळा काढल्यावर दुकानदार आधी हसला, मग दुसऱ्याच रॉडच्या वरून तिसऱ्या रिंगला कापूस अडकला तेव्हा त्याने स्वतःच तो बाजूला ठेवला. ७’६” मिळाला, ३००० चं रील, एक्स्ट्रा स्पूल नाही मिळाली. ब्रेड भरून घेतली खाली तंगूस घालून. बाटलीवाला प्रयोग स्वयंपाकघरात केला, बायको म्हणाली याच्यासाठी ६ हजार? बाटली तर हाताने पण उचलता येते.

येत्या रविवारी दिवाळ्याला यायचा विचार आहे. किती वाजता येऊ?

दिवाळेकर_कोळी

रविवारी षष्ठी आहे. पाऊणपट कर बघू.

ऐरोलीचा_गळ

सहा पाऊणे साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती?

दिवाळेकर_कोळी

बरोबर. साडेदहाच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. सहाला ये, पाणी उतरायला लागलेलं असेल आणि जेट्टीच्या डाव्या अंगाला नाल्यातनं कोळंबी बाहेर पडत असेल, तिथं १० ग्रॅम मार. होड्यांच्या दोरांवर फेकू नको, पोरं ओरडतात. नवानंतर थांबून उपयोग नाही, नुसता चिखल.